चालत्या माणसांची सभा होत नाही

मास्तर, परवा तुमच्या शोकसभेत पाच-सहा जण बोलले आणि सगळेच्या सगळे उभे राहून बोलले. टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो, खाली 'केशवराव' असं नाव, आणि एकेक जण येऊन त्याच्या शेजारी खांबासारखा उभा. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो. हसू येत होतं, रागही येत होता. ज्या माणसानं झाडांवर शेकडो वेळा व्याख्यान दिलं असेल, पण एकदाही उभं राहून दिलं नाही, त्याच्याबद्दल हे लोक तासभर उभ्यानं बोलत होते, आणि यात काही चुकतंय असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

मला कोणी बोलायला सांगितलं नाही. बियाण्यांचा दुकानदार काय बोलणार? सांगितलं असतं तरी मी नाही म्हणालो असतो, कारण मला जे बोलायचं होतं ते शोकसभेत बोलायचं नसतं. मग तुमची सुमन दुकानावर आली. म्हणाली, "काका, तुम्ही लिहा. बाबांशी भांडायचं असेल तर भांडा, पण लिहा." म्हणून बसलो आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, ते दुसरे लिहितील. मला भांडायचंच आहे.

आमच्या बाजारात एक रीत आहे. भाव पक्का व्हायच्या आत गिऱ्हाईक उठलं तर उठू द्यायचं, मागून हाक मारायची नाही. त्याला गरज असेल तर ते परत येतं. पोलीस अ‍ॅक्शनपासून आजवर तुम्ही दर रविवारी आपला वाद अर्धा टाकून उठत होतात आणि पुढच्या रविवारी परत येत होतात. या खेपेला येणार नाही, हे डोक्याला कळलं आहे. कानांना अजून कळलेलं नाही. दुकानात पोत्यांच्या थप्पीमागं कोणी चाललं की मी मान वर करतो. तुमचे पंपशू एका टाचेला झिजलेले होते, त्यामुळं एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. तो आवाज मला हैदराबादेत, अफझलगंजच्या गर्दीतूनसुद्धा ओळखू यायचा. अजून येतो.

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हतो. गौलीगुड्याच्या नाक्यावर जमिनीवर पोतं पसरून कोथिंबीर विकणारा मी, बोली लावून, भांडून, कधी हातघाईवर येऊन, अफझलगंजात स्वतःचं बियाण्यांचं दुकान करून बसलो होतो. तुम्ही आलात शेरवानी आणि रूमी टोपी घालून. मला वाटलं, कोणी बडे सरकारी साहेब. मी उर्दूत सुरुवात केली, तुम्ही शुद्ध मराठीत उत्तर दिलंत.

"शेठ, मागच्या वर्षी तुमच्याकडून नेलेलं अर्धं बी उगवलं नाही."

"खोल पेरलं असेल तुम्ही."

"नखाएवढं खोल पेरलं."

"कोणत्या बोटाच्या? करंगळीच्या की अंगठ्याच्या? माझं बी करंगळीच्या नखाचं आहे. अंगठ्याच्या नखाएवढं पुरलंत तर ते बिचारं वर येईपर्यंतच मरतं."

दुसरा कोणी चिडला असता. तुम्ही तिथंच, पोत्यांच्या मधे, खो खो हसलात. म्हणालात, "रविवारी बागेआम बागेत या. आमच्या मंडळींना हे असंच सांगा."

मी आलो, पण सांगायला नाही, विकायला. पिशवीत पुड्या भरून आलो होतो. बागेत वकिलांच्या, शिक्षकांच्या, कचेरीतल्या कारकुनांच्या घरच्या बायका-पुरुष मिळून वीसेक मराठी माणसं चालत होती. मी पहिल्या बाईंपुढं पुडी धरली आणि तुम्ही न थांबता म्हणालात, "विकायचं असेल तर फाटकाबाहेर, शेठ. आत यायचं तर चालायचं."

मला कळेना ही कसली बागेची सहल. सगळे चालताहेत, आणि कोणीही कुठल्याही झाडापाशी थांबत नाही! तुम्ही पुढं, हात मागे बांधलेले, आवाज बेताचा. झाड यायच्या आधीच तुम्ही त्याच्याबद्दल बोलायला लागायचात. झाड येईपर्यंत पानांवर आलेले असायचात, आणि झाड मागं पडता पडता मुळांवर. ज्याला नीट बघता आलं नाही त्यानं पुढच्या फेरीत बघायचं. बायका जाता जाता पानाला हात लावून घ्यायच्या, देवळातल्या घंटेला लावावा तसा. मी वैतागून विचारलं, "मास्तर, पळता का असे? झाड काय मागं लागलंय?"

तुम्ही हळूच सांगितलंत. माणसं एका जागी उभी राहिली आणि त्यांतला एक जण बोलू लागला, की ती सभा. सभेला इजाजत लागते, आणि मराठी व्याख्यानाला इजाजत मागायची म्हणजे आधी पोलीस ठाण्यात व्याख्यान द्यायचं. म्हणून तुम्ही उभेच राहत नव्हता. "चालत्या माणसांची सभा होत नाही, शेठ. ती सहल असते."

ही गोष्ट मला अशी आवडली म्हणून सांगू! मी आयुष्यभर पोटासाठी चलाखी केली होती. गुलाबाची छाटणी आणि पानांचं खत एवढंच सांगता यावं म्हणून कोणी सरकारशी इतकी चलाखी करतो, हे पहिल्यांदा बघितलं. मी पुड्या पिशवीत ठेवल्या आणि चालू लागलो.

तुमच्या फेरीचे कायदे होते. उभं राहायचं नाही. मागे वळून बघायचं नाही, कारण मागे बघणारा संशयास्पद दिसतो. तळ्याच्या काठाला ते बांबूचं मोठं, दाट बेट, आणि त्याच्याभोवती गोल वाट. दोन्ही बाजूंना मेंदीचं उंच कुंपण. त्या वाटेवर नेहमी उजवा हात आतल्या बाजूला ठेवून फिरायचं, प्रदक्षिणेसारखं. उलटं कोणी फिरायचं नाही. आणि वेग? "म्हातारं माणूस मागं पडू नये आणि पोलिसाला शंका येऊ नये, एवढा." तो वेग तुम्ही आमच्या पायांत असा भरलात की मी दुकानातून घरी जातानाही तसाच चालायला लागलो. नाक्यावर लोक थट्टा करायचे, "क्या शेठ, किसकी बारात में जा रईं?"

माझी आई एकदाच आली होती. गावाकडून नुकतीच आणली होती मी तिला. दोन फेऱ्या तिनं निमूट मारल्या. तिसरीला पदर कमरेला खोचून म्हणाली, "काय रे बाबांनो, मधे देव नाही, काही नाही, मग प्रदक्षिणा कुणाला घालताय?"

सगळी मंडळी हसली. तुम्ही म्हणालात, "आजी, मधे बांबू आहेत. तूर्त त्यांनाच नमस्कार करा, देव आला की कळवतो."

"येतोय व्हय तुमचा देव! त्याला बी इजाजत लागत असंल," आई म्हणाली.

त्या दिवशी जाताना तुम्ही तिला अबोलीचं रोप दिलंत. तिनं ते आमच्या गच्चीत लावलं आणि रोज त्याला तुमच्या नावानं शिव्या घातल्या, कारण तुम्ही 'मुळाशी पाणी, पानांवर नाही' असं सांगून गेला होतात आणि तिचं आयुष्य पानांवर पाणी शिंपडण्यात गेलं होतं. पण मुळाशीच घालायची. मी बघत होतो.

आता त्या वर्षाचं. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं आणि आपण नव्हतो झालो. सहलीला येणारी माणसं कमी होत होती. कोणी सोलापूरला गेलं, कोणी बेझवाड्याला, कोणी नुसतंच घराबाहेर पडेनासं झालं. गौलीगुड्यात रोज काहीतरी उठत होतं. माझ्या दुकानातून बियाण्यांच्या पोत्यांआड दुसरंच काही गावाकडे जातं असा कोणाला संशय होता, त्यामुळं दुकानावर नजर होती. आणि आई तापानं पडली. ताप उतरेना. बाहेर आरडाओरडा झाला की ती उठून बसायची आणि थरथरायची. एकच म्हणायची, "मला कुठंबी ने, पर गावाकडं नेऊ नको. तिथं माझं कुणी उरलं न्हाई."

मास्तर, मी कोणाकडं काही मागणारा माणूस नाही. मागणारा भाव हरतो, हे मी पोत्यावर बसून शिकलो. पण त्या रविवारी चालता चालता मी तुमच्याकडं मागितलं. म्हटलं, माझ्या आईला महिनाभर कुठं तरी शांत जागी ठेवायचं आहे. तुमचं स्वतःचं घर गावोगावहून पळून आलेल्या नातेवाइकांनी भरलेलं होतं, ते मला माहीत होतं. तुम्ही हात मागे बांधून अर्धी फेरी चाललात. मग म्हणालात, "हमीदला विचारतो."

हमीदसाहेब तुमच्याच सरकारी शाळेत शिकवणारे, आबिड्सच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोठं घर. तो भाग शांत होता. त्या दिवसांत मी मुसलमानाच्या घरी माझी आई ठेवीन, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. तुम्ही सांगितलंत म्हणून धरली नाही.

"पुढच्या रविवारी, दुपार कलली की बागेत या," तुम्ही म्हणालात. "हमीदचा निरोप घेऊन मी येतो. तिथूनच टांगा करू आणि आजींना घेऊन जाऊ. तुमच्या दुकानावर मी यायला नको, आणि तुम्ही माझ्या घरी यायला नको."

"फाटकाशी थांबू?"

"फाटकाशी पोलीस असतो. आत, बांबूंपाशी."

"तिथं उभा राहू?"

तुम्ही हसलात. "शेठ, उभं कोण राहतं आपल्यात?"

तो रविवार मला अजून संपलेला नाही. आईचं बोचकं बांधून, तिला शेजारणीजवळ ठेवून मी बागेत आलो. बाग रिकामी होती, अशी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. मी बांबूंच्या वाटेवर चालू लागलो. उजवा हात आत. एक फेरी, दुसरी, तिसरी. पुढं मोजायचं सोडून दिलं. ऊन उतरलं, तळ्यावर बगळे येऊन बसले. मधेच वाटायचं की मागून पावलं येताहेत, एक जड, एक हलकं. मागं वळून बघायचं नाही, म्हणून बघितलं नाही. मनात म्हटलं, येताहेत, गाठतील मला. आणि कोणी गाठलं नाही. माळी झाडू घेऊन आला, म्हणाला, "जाव शेठ, बंद हो रा." मी तेव्हाही मागच्या फाटकापर्यंत त्याच वेगानं चालत गेलो.

घरी आई बोचक्यावर हात ठेवून बसली होती. "आला न्हाई तुझा मास्तर?"

"नाही आला."

"अडकला आसंल कुठं."

"सरकारी माणूस आहे, आई. घाबरला."

हे वाक्य मी बोललो, आणि बोलता बोलताच ते माझ्यासाठी खरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गाडीत बसलो, कारण दुसरं ठिकाण नव्हतं. डब्यात तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. गावाचं स्टेशन आलं तेव्हा फक्त म्हणाली, "आणलंसच." हिंदुस्थानी फौजा हैदराबादेत आल्या त्या दिवशी गावात लोक पेढे वाटत होते आणि ती अंथरुणातून छताकडं बघत होती. दसऱ्याच्या आधी गेली.

हैदराबादेतही गेली असती कदाचित. वय झालं होतं. पण तिनं एकच गोष्ट मागितली होती.

तुम्हाला मी हे इतकं सरळ कधी सांगितलं नाही. सहली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही येऊन माफी मागाल, नाहीतर मी तुमची गचांडी धरीन. तुम्ही आलात आणि म्हणालात, "शेठ, त्या दिवशी तुम्ही आला का नाहीत?"

माझं डोकं फिरलं. "मी आलो नाही? मी बाग बंद होईपर्यंत होतो!"

"मीही बंद होईपर्यंत होतो."

"तुम्ही नव्हतात."

"मी होतो, शेठ. सोमवारी शाळा सुटल्यावर सगळं सोडून तुमच्या घरी आलो. कुलूप होतं."

सगळी मंडळी बघत होती. मी म्हटलं, "मास्तर, मी बाजारात म्हातारा झालो. न आलेलं गिऱ्हाईक 'मी येऊन गेलो' म्हणतं, तेव्हा त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे." तुमचा चेहरा उतरला. तुम्ही वळलात आणि चालू लागलात, आणि मी मागं चालू लागलो.

लोकांना नवल वाटायचं, एवढं वाकडं आहे तर हा माणूस येतो कशाला? ज्याचा दावा आहे तो बाजार सोडून जात नाही, म्हणून यायचो. शेवटच्या माणसाच्याही मागून चालायचो आणि तुमच्या वाक्यावाक्याला खोट काढायचो. तुम्ही म्हणायचात गुलाबाची छाटणी पावसाळा सरल्यावर, मी मागून ओरडायचो, "कोणाच्या घरचा पावसाळा?" पुढं पुढं मंडळींना त्याची गंमत वाटायला लागली. आपला 'होतो-नव्हतात'चा वाद म्हणजे सहलीची शेवटची फेरी असं ठरूनच गेलं. मला गंमत वाटत नव्हती. तुम्हालाही नसावी.

पण एक दिवस सांगतो. स्वातंत्र्य आपल्यापर्यंत पोचल्यानंतर थोड्याच दिवसांतल्या एका सहलीचा. कोणी तरी म्हणालं, "मास्तर, आता इजाजत नको, काही नको. आज उभे राहून बोला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मोठ्या वडाखाली मंडळी अर्धवर्तुळात उभी राहिली. तुम्ही मधे. शेरवानीची बटणं चाचपलीत, घसा खाकरलात, वडाकडं पाहिलंत. आणि तोंडातून शब्द निघेना. 'वड...' म्हणालात, पुन्हा 'वड...' म्हणालात. हात मागे बांधलेत, सोडलेत. शेवटी तुम्ही बारीक आवाजात म्हणालात, "चला." आणि दोन पावलं पडल्याबरोबर वडाच्या पारंब्या, पारंब्यांची खोडं, सगळं धो धो वाहायला लागलं. मंडळी हसत हसत मागं धावली. मी हसलो नाही. सरकार गेलं होतं, पण तुमच्या पायांतून गेलं नव्हतं. ते कोणाच्याच पायांतून गेलं नव्हतं. मी तरी कुठं थांबत होतो?

आणि मुंबईकडून आलेले ते नवे साहेब एका रविवारी म्हणाले, "हा गृहस्थ पळतो का? आणि ही कसली मुसलमानी टोपी?" त्यांना मी जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. मागून तुम्ही मला रागावलात. "शेठ, पाहुणे होते ते." मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला बोलायचा हक्क या बागेत फक्त मला आहे." ती फेरी तुम्ही माझ्याबरोबर, सगळ्यांच्या मागून चाललात.

तुमच्यामुळं मी ओरडायचं कमी केलं, हे माझ्या घरचे सांगतात. तुमच्यामुळं मी बियाण्यांच्या पुडीवर 'करंगळीच्या नखाएवढं खोल' असं छापून घेतलं. आज अफझलगंजात सगळेच तसं छापतात आणि कोणाला माहीत नाही की ते एका भांडणातून आलं.

आता राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा तिकडं गेला, आपण तेलुगू राज्यात राहिलो. सहलीतली निम्मी मंडळी बदल्या घेऊन औरंगाबादेला, मुंबईला गेली. तुम्हाला म्हटलं होतं, तुम्हीही जा, तिकडं उभं राहून बोलायला मोठी मोठी सभागृहं आहेत. तुम्ही म्हणालात, "पण मग तुमच्याशी कोण भांडणार?" आणि महिनाभरात अंथरुणाला खिळलात.

शेवटचं भेटायला आलो तेव्हा तुमचे पाय पांघरुणाबाहेर होते आणि जरा जरा हलत होते. तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"शेठ, एक विचारू? आपण दोघंही खरे असलो तर?"

मी भडकलो. "एकाच मालाचे दोन खरे भाव असतात का? एक जण होता, एक जण नव्हता." वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उठलो. तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी बोलू." मी पायऱ्या उतरलो. पुढचा रविवार आलाच नाही.

तुमच्या तेराव्याला हमीदसाहेब आले होते. आम्ही दोघं ओसरीवर टोकाला बसलो होतो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटायचं, यांनीच नाही म्हटलं असणार आणि तुम्ही ते सांगायला घाबरला असणार. ते आपणहून म्हणाले, "शेठ, आप की अम्मा नईं आए."

मला कळेना. "कहां?"

"मेरे घर. मैं कमरा झाड को रखा था. बुजुर्ग हैं, अपने घर का पानी पियेंगे नईं बोल के नया मटका लाया, पड़ोस के शास्त्रीजी के घर से भरवा के रखा. शाम तक खिड़की में बैठा रहा. सूरज डूबे बाद केशवराव आए. अकेले. पाँव इत्ते सूजे हुए थे कि जूते हाथ में थे. बोले, 'हमीद, वो नहीं आया.'"

त्यांनी नवा माठ आणला होता, मास्तर. आणि मी आईला गाडीत घालून नेत होतो. पुढच्याच महिन्यात हमीदसाहेबांच्या बहिणीचं घर आमच्याच भागातल्या एका गावात जाळलं गेलं. तिच्यासाठी कोणी खोली झाडून ठेवली नाही, आमच्यातल्या कोणीच नाही. हे मला माहीत होतं. आणि ते माझ्यापुढं बसून माझ्या आईबद्दल हळहळत होते.

म्हणजे तुम्ही होतात. आणि मीही होतो. एकाच मालाचे दोन खरे भाव.

काल रविवार होता. सुमननं उरलेल्या मंडळींना बागेत बोलावलं होतं, बाबांची सहल चालू राहावी म्हणून. मी लवकर गेलो. फाटकातून आत गेलो आणि पाय आपोआप बांबूंच्या वाटेला लागले. उजवा हात आत. मेंदी छाटलेली नव्हती, माझ्या डोक्याच्या वर गेली होती. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत मागून पावलं ऐकू आली. तुमचा वेग, बरोबर तुमचा. म्हातारं माणूस मागं पडू नये एवढा. मागे बघितलं नाही. मी चालता चालता ओठांतल्या ओठांत म्हणालो, "आला असाल तर गाठा मला, मास्तर. त्या दिवशी का नाही गाठलंत?" पावलं तेवढ्याच अंतरावर येत राहिली. मी चाललो, ती चालली. मधे बांबू करकरत होते. अखेर माझा गुडघा दुखायला लागला आणि मला राग आला. तुमचा, आईचा, त्या मेंदीचा, सगळ्याचाच. आणि मी उभा राहिलो. त्या वाटेवर, आयुष्यात पहिल्यांदा.

पावलं जवळ आली. कुंपणाच्या वळणावरून सुमन बाहेर आली, घामाघूम.

"काका! इथं आहात होय! माळी म्हणाला तुम्ही आत आहात, म्हणून केव्हाची फिरतेय."

"मग हाक का नाही मारलीस?"

"दिसलात कुठं? एवढी मोठी वाट, मधे हे बांबू. मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत."

मला एकदम बसावंसं वाटलं. मी कुंपणाच्या कट्ट्यावर बसलो. सुमन घाबरली, पाणी आणायला निघाली. तिला म्हटलं, नको, जरा गप्प राहा.

तो रविवार मला दिसत होता, वरून बघावा तसा. तुम्ही आला असाल, मी नुकताच वळणापलीकडं गेलो असेन. तुम्हीही चालू लागला असाल, उजवा हात आत. तोच वेग, तुम्हीच माझ्या पायांत भरलेला. उभं कोण राहतं आपल्यात? उलटं कोण फिरतं? मागे वळून कोण बघतं? तुमच्या आणि माझ्या मधे ते बांबूंचं बेट, आणि आपण दोघं संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती. मी तुमच्या पुढं आणि तुम्हीही माझ्या पुढं. एक जण जरी क्षणभर थांबला असता. आईनं आपल्याला आधीच विचारलं होतं, प्रदक्षिणा कुणाला घालताय म्हणून.

मंडळी येऊ लागली. सुमन म्हणाली, "काका, तुम्ही पुढं होता का? बाबांसारखं?" मी म्हटलं, नाही, तू हो, मी पुढचं पाऊल टाकणारा माणूस नाही आता. ती हात मागे बांधून चालू लागली, झाड यायच्या आधीच त्याच्याबद्दल बोलू लागली. विसाचे सात उरलेत, पण सातही त्याच वेगानं गेले. आवाज वळणाआड गेला.

मी बांबूंपाशी उभा राहिलो. पोलीस नव्हता, कोणी नव्हतं. पाय निघायला बघत होते, त्यांना मी धरून ठेवलं.

मास्तर, भाव असा पक्का करू. तुम्ही चालत राहा, तुम्हाला थांबणं कधी जमलंच नाही. दर रविवारी दुपार कलली की मी इथं असेन. या वेळी मी थांबतो.